'ग्रीक' म्हणजे नक्की कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक इतिहासावर मराठीत काही लिहिलं की त्यावर जे प्रश्न येतात, ते बहुतेक नावांवरूनच असतात. इंग्रजी पुस्तकात 'ग्रीक', संस्कृतात 'यवन', दवाखान्याच्या पाटीवर 'युनानी'. ही सगळी माणसं एकच की वेगवेगळी? त्यांतले नेहमीचे प्रश्न खाली घेतले आहेत. क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही.

ग्रीक लोक स्वतःला 'ग्रीक' म्हणतात का?

नाही. ते स्वतःला 'एलिनेस' म्हणतात, देशाला 'एलाडा' आणि भाषेला 'एलिनिका'. त्यांच्या टपाल तिकिटांवर 'एलास' आणि रोमन लिपीत 'हेलास' छापलेलं असतं. युरोपीय संघाच्या कागदपत्रांत या देशाचं लघुरूप 'ईएल' आहे, तर इंटरनेटच्या पत्त्यात मात्र 'जीआर'. म्हणजे एकाच देशाची दोन नावं, आणि दोन्ही आजही चालू.

मग इंग्रजीत 'ग्रीक' कुठून आला?

लॅटिनमधून. रोमन लोक त्यांना 'ग्रॅकी' म्हणत. दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर ग्रीक वसाहती इतक्या दाट होत्या की त्या पट्ट्याला 'माग्ना ग्रॅकिया', म्हणजे थोरला ग्रीस, हे नाव पडलं. रोमची सत्ता पुढे युरोपभर पसरली, आणि रोमनांनी ठेवलेलं नावच फ्रेंच, इंग्रजी, जर्मन या सगळ्यांकडे गेलं.

पण रोमनांनी ते हवेतून काढलं नव्हतं. ग्रीक भाषेतच 'ग्राइकोई' असा शब्द होता. ॲरिस्टॉटल सांगतो की डोडोनाच्या परिसरात आणि अखेलोस नदीच्या आसपास जे लोक राहत, त्यांना पूर्वी ग्राइकोई म्हणत आणि आता हेलेनेस (आजच्या उच्चारात 'एलिनेस') म्हणतात. डोडोना ग्रीसच्या वायव्य टोकाला आहे. तिथून समुद्र ओलांडला की इटली. पारोस बेटावरच्या संगमरवरी कालपटातही, जो इ.स.पू. २६४-६३ मध्ये कोरला गेला, हेलेनेस हे आधी ग्राइकोई होते असंच लिहिलं आहे.

दुसरा तर्क असा. होमरच्या 'इलियड' महाकाव्यातल्या जहाजांच्या यादीत बिओशिया प्रांतातल्या 'ग्राइया' नावाच्या गावाचा उल्लेख येतो. समोरच्या युबिया बेटावरच्या लोकांनी इटलीत नेपल्सजवळ कुमे ही वसाहत वसवली, तेव्हा ग्राइयाचेही काही लोक त्यांच्यासोबत गेले असावेत आणि इटलीतल्या शेजाऱ्यांनी सगळ्यांनाच 'ग्राइयावाले' म्हणायला सुरुवात केली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

दोन्ही तर्कांत घडतं ते एकच: पहिली भेट ज्या लहानशा गटाशी झाली, त्याचं नाव अख्ख्या समाजाला चिकटलं. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. हॉलंड हा नेदरलँड्सचा एक प्रांत, पण पोर्तुगीजांच्या 'ओलांदेस'वरून आपण सगळ्या डच लोकांना 'वलंदाज' करून टाकलं. 'इंग्रज'ही पोर्तुगीजांच्या 'इंग्लेस'वरून आला. 'फ्रँक' ही मुळात जर्मन टोळी. तिचं नाव अरबी-फारसीतून 'फिरंगी' होऊन आपल्याकडे आलं आणि इथे प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या माथी बसलं.

इंग्रजीत हा शब्द किती जुना आहे?

इंग्रजी भाषेइतकाच जुना म्हटलं तरी चालेल. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'क्रेकास' असं रूप सापडतं. त्याहून आधी, चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये 'क्रेकोस' आहे. जर्मानिक टोळ्यांनी लॅटिन शब्द उचलला तेव्हा सुरुवातीच्या 'ग'चा 'क' झाला होता. पुढे लॅटिनच्या वजनाखाली तो पुन्हा 'ग' झाला.

ट्रॉयच्या युद्धात लढले ते तरी ग्रीकच ना?

आपण म्हणतो. होमर म्हणत नाही. त्याच्याकडे तीन नावं आहेत: अखायोई, दानाओई आणि आर्गेओई. वृत्तात जे बसेल ते तो वापरतो. 'हेलास' त्याच्या काव्यात आहे, पण ते थेसलीकडचा एक छोटा मुलूख म्हणून. तिथले हेलेनेस म्हणजे अकिलीसची माणसं. ही गोष्ट इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीसच्याही लक्षात आली होती. होमर ट्रॉयच्या युद्धानंतर इतक्या काळाने होऊन गेला, तरी सगळ्यांना मिळून 'हेलेनेस' कुठेच म्हणत नाही, असं त्याने आपल्या इतिहासाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवलं आहे.

त्यामुळे मराठी रूपांतरात 'ग्रीक सैन्य ट्रॉयच्या वेशीवर येऊन ठेपले' असं वाचलं की मला कुरुक्षेत्रावर 'भारतीय लष्कर' उभं केल्यासारखं वाटतं. चूक म्हणता येणार नाही. वाचकाला कळावं म्हणून लिहितात. पण कानाला खटकतं खरं.

ग्रीक, ग्रीशियन, हेलेनिक, हेलेनिस्टिक: इंग्रजीत फरक काय?

'ग्रीक' सगळ्यासाठी चालतो: माणूस, भाषा, सॅलड, कर्ज. 'ग्रीशियन' पूर्वी त्याच अर्थाने वापरात होता; आज तो कलाकुसरीच्या कलशांपुरता, सरळ नाकापुरता आणि जुन्या कवितांपुरता उरला आहे. आजच्या अथेन्समधल्या दुकानदाराला कुणी ग्रीशियन म्हणत नाही.

'हेलेनिक' हा शब्द भारदस्त. देशाचं अधिकृत इंग्रजी नाव 'हेलेनिक रिपब्लिक' आहे, आणि सरकारी खाती, नौदल, टपाल यांच्या नावांत हाच शब्द येतो.

'हेलेनिस्टिक'ला मात्र ठरावीक कालखंड आहे: इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मेला तिथपासून इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राचा इजिप्त रोमच्या घशात गेला तिथपर्यंत. या अर्थाला चलन दिलं ते १९ व्या शतकातला जर्मन इतिहासकार द्रॉयझेन याने. या काळातले राज्यकर्ते ग्रीक बोलत, पण प्रजा इजिप्शियन, सीरियन, इराणी, बॅक्ट्रियन अशी मिश्र होती. मराठीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. इ.स.पू. पाचव्या शतकातलं पेरिक्लीसचं अथेन्स हेलेनिक. गांधारातला मिनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद, हेलेनिस्टिक.

मधली हजार वर्षं हे लोक स्वतःला काय म्हणवत होते?

रोमन! हे ऐकून लोक थबकतात. कॉन्स्टँटिनोपलचं राज्य, ज्याला आपण आज बायझंटाइन म्हणतो, ते स्वतःच्या लेखी रोमन साम्राज्यच होतं. बोलायची भाषा ग्रीक, ओळख 'रोमायोई'. ख्रिस्ती धर्म आल्यावर 'हेलेन' या शब्दाला वाईट दिवस आले, कारण त्याचा अर्थ 'जुने देव पुजणारा' असा झाला.

याच काळात पश्चिमेकडच्या तोंडी 'ग्रीक' ही जवळजवळ शिवी झाली. ९६८ मध्ये पोपने सम्राट निकेफोरोस फोकास याला पत्र धाडलं आणि त्यात त्याचा उल्लेख 'ग्रीकांचा सम्राट' असा केला. 'रोमनांचा सम्राट' ही पदवी पोपने जर्मन राजा ओटोसाठी राखली होती. दरबार इतका खवळला की पत्र आणणाऱ्यांना तुरुंगात टाकलं.

ही रोमन ओळख किती चिवट होती, याचा एक किस्सा इतिहासकार पीटर खरानिस यांनी सांगून ठेवला आहे. ते लेम्नोस बेटावरचे. १९१२ मध्ये ग्रीक नौदलाने ते बेट तुर्कांकडून घेतलं तेव्हा गावातली पोरं सैनिक बघायला धावली. सैनिकाने विचारलं, "काय बघताय रे?" पोरं म्हणाली, "हेलेनेस बघतोय." "मग तुम्ही कोण, हेलेनेस नाही?" "नाही, आम्ही रोमन."

आणि 'ग्राइकोस' हे जुनं नाव ग्रीसमध्ये पुरतं मेलं होतं असंही नाही. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात पकडला गेलेला अथानासिओस डियाकोस धर्मांतराला नकार देताना म्हणाला, "मी ग्राइकोस जन्मलो, ग्राइकोस म्हणूनच मरेन." अशी परंपरेतली आठवण आहे, आणि तिथल्या शाळकरी मुलांना ती तोंडपाठ असते.

आपण त्यांना 'यवन' का म्हणायचो?

कारण आपली गाठ दुसऱ्या टोकाशी पडली. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, मिलेटस, एफेसस या शहरांत, आयोनियन ग्रीक राहत. पर्शियाचा विस्तार झाला तेव्हा त्यांच्या हद्दीत आधी हेच आले. सम्राट डरायसच्या इराणमधल्या बेहिस्तूनच्या लेखात 'यौन' या नावाने ते नोंदले आहेत. पर्शियनांनी पुढे सगळ्याच ग्रीकांना यौन म्हटलं. हिब्रूत 'यावान', अरबीत 'यूनान', प्राकृतात 'योन', संस्कृतात 'यवन'. रोमनांनी पश्चिमेच्या टोकाला धरून जे केलं, तेच पूर्वेकडच्यांनी दुसऱ्या टोकाला धरून केलं.

यात एक गंमत आहे. आयोनियन हे नाव आधी 'इयावोनेस' असं उच्चारलं जाई, मध्ये ठसठशीत 'व'. क्रीटमधल्या नोसोसच्या मृत्तिका-पाट्यांवर, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात, तो 'व' लिहिलेला सापडतो. आयोनियनांच्या स्वतःच्या बोलीतून हा ध्वनी पुढे गळून गेला आणि नाव 'इयोनेस' झालं. पण आपल्या 'यवन'मध्ये तो 'व' अजून शाबूत आहे. त्यांनी हरवलेलं अक्षर आपण जपून ठेवलं, आणि तेही त्यांना म्लेच्छ म्हणत म्हणत.

संस्कृतात या शब्दाचे देशी उगमही जुळवले गेले. महाभारतात यवन हे तुर्वसूचे वंशज आहेत. वसिष्ठांच्या कामधेनूच्या गोष्टीत ते तिच्या योनीतून निघाले असं सांगितलं आहे. ही दुसरी व्युत्पत्ती 'यवन'वरून सुचण्यासारखी नाही, ती 'योन' या प्राकृत रूपावरूनच सुचली असणार, असं मला वाटतं.

पाणिनीच्या एका सूत्रात 'यवन' शब्दाला प्रत्यय लागून 'यवनानी' हे रूप होतं, आणि त्याच्यानंतरचा व्याकरणकार कात्यायन त्याचा अर्थ 'यवनांची लिपी' असा सांगतो. अशोकाच्या १३ व्या शिलालेखात 'अंतियोक' हा योन राजा आहे, म्हणजे सीरियाचा अँटिओकस. विदिशेजवळ बेसनगरला तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोर या योन दूताने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वतःला 'भागवत' म्हणवून घेतलं.

कार्ल्याच्या लेण्यांत ज्या यवनांची नावं आहेत, ते खरे ग्रीक होते का?

लेणी बघायला आलेल्या प्रत्येक गटात कुणीतरी हे विचारतंच. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट इथल्या यवनांनी दिलेले आहेत, असं त्या खांबांवरच कोरलं आहे. त्यांतला एक सिहधय. नाव वाचून 'सिंहध्वज' आठवतं. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी, म्हणजे लेखातल्या शब्दांत 'बे पोढियो', आणि चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त हा योनक आहे. बापाचं नाव धम्मदेव, गाव दातामिती, आणि स्वतःला तो उत्तरेकडचा म्हणवतो.

नावं बघा: धम्मदेव, इंद्राग्निदत्त. झ्यूस नाही, अपोलो नाही. काही अभ्यासकांना हे भारतीय नावं घेतलेले ग्रीक वाटतात, काहींना यवनांशी व्यापार करणारे इथलेच लोक. त्यात पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा अलेक्झांड्रियाकडून जहाजं येत. सोपारा, कल्याण ही बंदरं ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत 'सुप्पारा', 'कॅलिएना' म्हणून येतात. त्या जहाजांवरचा इजिप्शियन किंवा सीरियन माणूसही इथल्या किनाऱ्यावर यवनच ठरत असणार. म्हणून लेण्यात 'यवन' दिसला की 'पश्चिमेकडून आलेला, किंवा तशी ओळख सांगणारा' एवढंच समजावं. रक्ताची खात्री देऊ नये.

त्याच नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा' म्हटलं आहे. एकाच डोंगरात एक यवन दाता आहे आणि दुसरा शत्रू. गाइड मंडळी दुसरा आवर्जून सांगतात, पहिला बहुधा राहून जातो.

मग शिवकाळात 'यवन' म्हणजे मुसलमान कसा झाला?

जागा तीच राहिली, माणसं बदलली. वायव्येकडून किंवा समुद्रापलीकडून येणारा परका, हा या शब्दाचा गाभा होता. ग्रीक गेले, शब्द रिकामा झाला, आणि पुढे त्या दिशेने आलेल्या तुर्क-अफगाणांना तो लागला. 'शिवभारत' या शिवकालीन संस्कृत काव्यात आदिलशाही सरदार सरळ 'यवन' आहेत. जुन्या मराठी लिखाणातही हाच अर्थ चालतो. त्यामुळे मजकूर कधीचा आहे हे पाहिल्याशिवाय 'यवन'चा अर्थ लावू नये. सातवाहनांच्या लेखातला यवन आणि बखरीतला यवन यांच्यामध्ये दीड हजार वर्षं आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात हे अंतर रोज बुजवलं जातं.

'युनानी' औषधं म्हणजे ग्रीक औषधं?

नाव तेच. 'आयोनिया'चं अरबी-फारसी 'यूनान', त्यावरून युनानी. हिपोक्रॅटिस आणि गेलन यांची वैद्यकी अरबांनी भाषांतरित केली, वाढवली, आणि ती हकिमांबरोबर भारतात आली. त्या परंपरेत हिपोक्रॅटिस 'बुकरात' झाला, गेलन 'जालीनूस', आणि प्लेटो 'अफलातून'. हो, आपण झकास खेळीला किंवा भन्नाट माणसाला 'अफलातून' म्हणतो तो हाच प्लेटो. मुंबईत त्याच नावाची मिठाईही मिळते, भरपूर तूप घातलेली.

मराठीत रोजच्या वापरात ग्रीक शब्द आहेत का?

आहेत, आणि ते परके वाटत नाहीत. 'केंद्र' हा ग्रीक 'केंत्रोन', म्हणजे टोचणी किंवा वर्तुळ काढताना कंपासचं रोवलेलं टोक. ज्योतिषाच्या ग्रंथांबरोबर तो संस्कृतात आला आणि आता केंद्र सरकारापासून आरोग्य केंद्रापर्यंत सगळीकडे बसला आहे. पंचांगातला 'होरा' म्हणजे 'होरा'च, ग्रीकमध्येही तास किंवा काळाचा भाग. पत्रिकेतलं 'जामित्र', सातवं स्थान, हे 'दियामेत्रोन', म्हणजे व्यास, समोरासमोरचं टोक. 'दाम' हा 'द्राख्मे'वरून. मधली पायरी 'द्रम्म', जी कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत दिसते. 'सुरुंग' हा बहुतेक अभ्यासकांच्या मते 'सिरिंक्स', म्हणजे नळी किंवा भुयार, यावरून आला.

वराहमिहिराने या देवघेवीची कबुली मोकळेपणाने दिली आहे: यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. तेव्हा 'पत्रिका ही शुद्ध भारतीय' असं कुणी ठासून सांगितलं तर त्यांना वराहमिहिराची बृहत्संहिता उघडायला सांगा.

'यवनिका' म्हणजे पडदा, हाही ग्रीकांकडून आला का?

शब्दात 'यवन' दिसतो खरा, पण 'जवनिका' असंही रूप आहे आणि वाद मिटलेला नाही. एवढं नक्की की अभिजात ग्रीक रंगमंचाला दर्शनी पडदाच नव्हता.

'इंडिया' हे नाव ग्रीकांनी दिलं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. सिंधूच्या 'स'चा पर्शियनांनी 'ह' केला: 'हिंदुश'. हे नाव ज्या आयोनियनांच्या कानावर पडलं, त्यांच्या बोलीत 'ह' हा उच्चारच उरला नव्हता. म्हणून 'इंदोस' आणि देश 'इंदिया'. हिरोडोटसने याच बोलीत लिहिलं, तिथून लॅटिन, आणि लॅटिनमधून इंग्रजी. दुसऱ्या एखाद्या बोलीच्या ग्रीकांमार्फत नाव गेलं असतं तर कदाचित इंग्रजीत आज 'हिंडिया' असतं.

ग्रीकांतल्या छोट्या गटांची नावंही इंग्रजीत विशेषणं झालीत ना?

पुष्कळ. 'स्पार्टन' म्हणजे चैनीचा लवलेश नसलेलं. त्याच स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून 'लॅकॉनिक', मोजकं बोलणारा. मॅसेडॉनच्या फिलिपने धमकी पाठवली होती, मी लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला हुसकून लावीन. स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं: "तर." 'सायबराइट' म्हणजे विलासी, दक्षिण इटलीतल्या सायबारिस शहरावरून. 'बिओशियन' म्हणजे मठ्ठ, हा शेजारच्या अथेन्सकरांनी पसरवलेला लौकिक. कवी पिंडार आणि चरित्रकार प्लूटार्क दोघेही बिओशियाचेच होते, पण ते कोण लक्षात घेतो. 'मर्मिडन' हे अकिलीसचे सैनिक. इंग्रजीत त्याचा अर्थ हुकूम येताच निमूटपणे राबवणारा हस्तक असा झाला आहे.

'इट्स ग्रीक टू मी' हे कुठून आलं, आणि ग्रीक लोक अशा वेळी काय म्हणतात?

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये कास्का हे वाक्य बोलतो, आणि तेही शब्दशः: सिसेरो खरोखरच ग्रीकमध्ये बोललेला असतो. त्याआधी मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'हे ग्रीक आहे, वाचता येत नाही' असा शेरा रूढ होता. स्वतः ग्रीकांना एखादी गोष्ट डोक्यावरून गेली की ते म्हणतात, "हे मला चिनी वाटतंय."